परसातली वीस वर्षं

वीस वर्षांपूर्वी कोथरूडच्या आमच्या गल्लीत बैठे बंगले होते आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मागे परस होतं. आता इमारती उभ्या राहिल्या आणि परस म्हणावं असं आमचं एकट्याचं उरलं. ‘पक्षी गेले हो सगळे,’ असं लोक हळहळून म्हणतात, पण ते तितकंसं खरं नाही. काही गेले, काही वाढले, आणि कोण का गेलं हे पाहता पाहता पुष्कळसं उमगत गेलं.

सगळ्यात आधी चिमण्या गेल्या. त्याचं खापर मोबाइलच्या मनोऱ्यांवर फोडलं जातं, मला ते पटत नाही. मोठी चिमणी दाणे टिपते, पण पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवते. कौलं आणि वळचणी गेल्या, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, राहिलेल्या हिरवळीवर औषधं फवारली जाऊ लागली. मग घरटं कुठे करायचं आणि पिल्लांना भरवायचं काय? गॅलरीत दाण्यांच्या थाळ्या ठेवून पारवे तेवढे पोसले जातात. 2020 सालच्या देशव्यापी पक्षी-अहवालात चिमण्यांची संख्या एकंदर देशात साधारण स्थिर, पण मोठ्या महानगरांत घटलेली दिसली होती.

कोकीळ मात्र वाढला. 2023 च्या अहवालात 942 जातींचा आढावा आहे, आणि वाढलेल्यांत कोकीळ, मोर आणि पारवा आहेत. कोकिळेला घरटं बांधायचं नसतं, कावळ्याचं चालतं, आणि कावळ्यांना शहरात काय कमी?

माझा जीव जडला तो तांबटावर. परसातल्या शेवग्याची एक जाड फांदी वाळली, तेव्हा ती तोडण्याचा आग्रह चहूबाजूंनी झाला. खाली कोणी वावरत नव्हतं, म्हणून ठेवली. पुढच्या फेब्रुवारीत एका तांबटाने तिच्या खालच्या अंगाला टोचायला सुरुवात केली. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून जागा नेमकी खालची. नर-मादी आळीपाळीने लाकूड कोरत, अर्धं अंग आत घालून चोचभर भुसा बाहेर टाकत. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, गोल, नेटकं भोक. दुर्बिणीतून कपाळावरचा तांबडा डाग आणि डोळ्याभोवतीचा पिवळा रंग लख्ख दिसे. पुढे पिल्लं तोंड बाहेर काढून बसू लागली आणि आईबाप उंबराची फळं घेऊन फेऱ्या घालू लागले. काही वर्षांनी तेच भोक झिजून रुंद झालं आणि त्यात दयाळाने संसार मांडला. वाळलेलं लाकूड म्हणजे कचरा, असं जे समजतात त्यांनी हे एकदा पाहावं.

हिवाळी पाहुण्यांचीही तीच कथा. ऑक्टोबरात धोबी गच्चीवर शेपटी हलवत फिरतो, तो अजून नेमाने येतो. मेंदीच्या दाट कुंपणात दडून ‘चक्, चक्’ करणारा वटवट्या मात्र आमच्याकडेच येतो, कारण गल्लीत दुसरं दाट कुंपण उरलेलं नाही. पावसाच्या तोंडावर प्रवासाने दमलेला नवरंग एकदा कढीपत्त्याखाली पाचोळा उलथत बसला होता, संध्याकाळपर्यंत हलला नाही. त्याच कढीपत्त्यावर फुलपाखरांच्या अळ्या असतात आणि त्या टिपायला बुलबुल येतात. पाचोळ्यात सरडे आहेत, अधूनमधून मुंगूस फिरकतं. एक धामण कित्येक वर्षं विहिरीच्या कठड्याखाली राहून गेली, आणि तोवर उंदरांचा त्रास म्हणून झाला नाही. तिला मारायला काठ्या घेऊन आलेल्यांना परत पाठवताना घरच्यांची दमछाक झाली, पण पाठवलं.

तुमच्याकडे वीतभर जरी जमीन असली तरी एक कोपरा झाडू नका, पाला तिथेच पडू द्या. छाटणी करायचीच असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात करून घ्या. फेब्रुवारीपासून बहुतेकांची घरटी सुरू होतात. आणि वाळकी फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्याजोगी नसेल, तर माळ्याला सांगा, राहू दे ती.