जीवाणूचे किलकिले दार

जनुकांचे नियंत्रण शिकवताना एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, कोणती साखर खायची हे जीवाणूला कळते कसे?" जीवाणूला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. मग कळते कोणाला?

१९४०च्या सुमारास झाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी जीवाणूंना दोन-दोन शर्करा एकत्र देऊन त्यांची वाढ मोजली. काही जोड्यांच्या बाबतीत वाढीचा आलेख जिन्यासारखा आला. आधी वाढ, मग थोडा थांबा, नंतर पुन्हा वाढ. ग्लुकोज आणि दुधातील लॅक्टोज ही अशीच एक जोडी. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू आधी ग्लुकोज संपवतो आणि मगच लॅक्टोजकडे वळतो.

लॅक्टोज वापरायला मुख्यतः दोन प्रथिने लागतात. एक ते पेशीत आणते, त्याला आपण वाहक म्हणू. दुसरे विकर, म्हणजे एन्झाइम. ते लॅक्टोजचे तुकडे करते. या दोन्हींची जनुके डीएनएवर शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्या सुरुवातीलाच 'रिप्रेसर' नावाचे प्रथिन कुलपासारखे बसते आणि जनुकांचे वाचन अडवते. लॅक्टोज पेशीत आले की त्यापासून तयार होणारा ॲलोलॅक्टोज हा रेणू रिप्रेसरला चिकटतो. रिप्रेसरचा आकार बदलतो, त्याची डीएनएवरची पकड सुटते आणि विकराचे प्रमाण सुमारे हजारपट वाढू शकते. ही कल्पना फ्रान्स्वा जाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली मांडली. १९६६ साली वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी प्रत्यक्ष रिप्रेसर वेगळा केला. एका पेशीत त्याचे जेमतेम दहाएक रेणू असतात!

ग्लुकोज असेपर्यंत मात्र लॅक्टोजचा वाहक रोखून धरला जातो. शिवाय 'सीआरपी' हे दुसरे प्रथिन जनुकांच्या वाचनाला जोर देते, पण त्यासाठी त्याला चक्रीय एएमपी हा रेणू लागतो. ग्लुकोज असताना तो कमी असतो.

एवढा खटाटोप कशासाठी? नको असलेले प्रथिन बनवण्यातही ऊर्जा आणि कच्चा माल खर्च होतो. ज्यांचा रिप्रेसर बिघडला आहे असे जीवाणू लॅक्टोज नसतानाही विकर बनवत राहतात आणि वाढीच्या शर्यतीत मागे पडतात.

आता एक कोडे विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवा. वाहक नसेल तर लॅक्टोज आत येणार नाही. ॲलोलॅक्टोजही तेच विकर बनवते, ज्याचे जनुक कुलूपबंद आहे. मग कुलूप उघडणार कसे?

उत्तर असे, की कुलूप पक्के नाही. रिप्रेसर अधूनमधून डीएनएवरून सुटतो. तेवढ्यात जनुकांचे वाचन होऊन दोन्ही प्रथिनांचे मोजके रेणू तयार होतात. दार पूर्ण बंद नसून किलकिले असते. त्या फटीतून आलेले थोडेसे लॅक्टोजच पुढे दार सताड उघडते. कुलूप अगदी पक्के असते, तर लॅक्टोजच्या द्रावणातही जीवाणू उपाशी राहिला असता.

"जीवाणूने ठरवले" असे आपण सहज बोलून जातो. बोलायला हरकत नाही, पण पुढचे वाक्य विसरू नये. येथे ठरवणारा कोणी नाही. रेणू एकमेकांना चिकटतात, सुटतात, आणि त्यातूनच निर्णयासारखे दिसणारे वर्तन घडते. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच आहे.