वैद्यकाच्या उंबरठ्यावर चारित्र्याची चौकशी

आजारी मनुष्य डॉक्टरांच्या हाती आपला देह सोपवितो, तेव्हा तो त्यांच्या पदवीचा कागद वाचीत बसत नाही. घरच्या माणसांसही न सांगितलेली दुखणी तो त्यांस सांगतो. शस्त्रक्रियेच्या वेळी तर शुद्धीही त्यांच्या स्वाधीन करतो. इतका विश्वास ज्यांच्यावर टाकावयाचा, त्यांचे पूर्वचरित्र वैद्यकीय महाविद्यालयात शिरतानाच तपासावे की नाही? तपासावे, असे कोणीही सांगेल. परंतु त्या तपासणीने काय साधते आणि काय साधत नाही, ह्याचा विचार क्वचितच होतो. ज्या घरांतील मुलेमुली वैद्यकाकडे वळली आहेत, त्यांनी तरी तो करावा.

अमेरिकेत ही तपासणी आता रुळली आहे. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस ह्या तेथील संघटनेने चालू शतकाच्या पहिल्या दशकात अशी शिफारस केली की, विद्यार्थ्यास सशर्त प्रवेश दिल्यावर त्याच्या गुन्हेगारी पूर्वेतिहासाची देशव्यापी चौकशी करावी. ह्यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी गुणांवर निवड, मग चौकशी. शिवाय, संघटनेमार्फत होणाऱ्या तपासणीचा अहवाल प्रथम विद्यार्थ्यास दाखवितात. तो पाहण्यास त्याला दहा दिवस मिळतात; त्यानंतर तो महाविद्यालयाकडे जातो. नावे सारखी असल्यामुळे एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या माथी बसू शकतो, म्हणून ही सवड मोलाची आहे.

अशा चौकशीची गरज पटण्यास मायकेल स्वँगो ह्या अमेरिकन डॉक्टराचे उदाहरण पुरे आहे. रुग्णवाहिकेवरील आपल्या सहकाऱ्यांच्या खाण्यापिण्यात विष कालविल्याबद्दल १९८५ साली त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्याने खोटी कागदपत्रे तयार केली आणि आपला गुन्हा म्हणजे किरकोळ मारामारी होती, असे भासविले. त्या बळावर त्याला पुन्हा रुग्णालयात जागा मिळाली. एका ठिकाणी बिंग फुटले, तेव्हा दुसऱ्या ठिकाणी मिळाली. न्यायालयाच्या दप्तरात खरी नोंद होती, पण ती वेळीच कोणी मागविली नाही. पुढे २००० साली त्याने रुग्णांचे खून कबूल केले व त्याला जन्मठेप झाली.

इंग्लंडमधील हॅरॉल्ड शिपमनची कथा ह्याहून बोधप्रद आहे. पेथिडिन ह्या मादक औषधासाठी खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल १९७६ साली त्याला दंड झाला. ही गोष्ट वैद्यक परिषदेस ठाऊक होती. तरी त्याचे नाव नोंदवहीतून कमी झाले नाही आणि पुढल्याच वर्षी तो हाइड गावी व्यवसाय करू लागला. जानेवारी २००० मध्ये पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल तो दोषी ठरला. न्यायमूर्ती डेम जॅनेट स्मिथ ह्यांच्या चौकशीने २००२ साली त्याच्या बळींची संख्या २१५ ठरविली. एका ठिकाणी नोंद पाहिली गेली नाही, दुसऱ्या ठिकाणी पाहूनही पुढे पहारा राहिला नाही.

आता वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ह्या दोघांच्याही शिक्षा डॉक्टर झाल्यानंतरच्या होत्या. प्रवेशाच्या वेळी त्यांचे दप्तर तपासले असते, तर त्यात आक्षेपार्ह असे काही सापडले नसते. म्हणजे, उंबरठ्यावर एकदा केलेली चौकशी पुरी पडत नाही. ती प्रत्येक नव्या दारी व्हावी, आणि दोन दारांमधील वर्षांत विद्यार्थ्याच्या वर्तनावर गुरुजनांचे लक्ष असावे. कॅलिफोर्नियातील डॉ. मॅक्सिन पापाडाकिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिस्तभंगाची कारवाई झालेल्या २३५ डॉक्टरांचे विद्यार्थिदशेतील कागद इतरांशी ताडून पाहिले. अशा डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेत पेशाला न शोभणाऱ्या वर्तनाच्या नोंदी बऱ्याच अधिक आढळल्या. कामात कुचराई करणे, चूक दाखविली असता सुधारणा न करणे, असे ते दोष होते. पोलिसांच्या दप्तरात असे दोष लिहिले जात नाहीत. ते शिक्षकांच्याच दृष्टीस पडतात.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी वाईट संगतीने एखादी चोरी किंवा मारामारी हातून घडलेला मुलगा पुढे सुधारला, तर त्याला वैद्यकाचे दार कायमचे बंद करावे काय? इंग्लंडच्या १९७४ च्या कायद्याने ठरावीक काळानंतर जुनी शिक्षा सरल्यासारखी मानली जाते. डॉक्टरी पेशास त्यातून वगळले असले, तरी २०१३ पासून काही जुने व किरकोळ गुन्हे दाखल्यात येत नाहीत. आपल्या देशात २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या चोविसाव्या कलमाने, सोळा वर्षांवरील मुलांच्या काही प्रकरणांचा अपवाद सोडल्यास, बालपणीच्या अपराधामुळे कोणतीही अपात्रता येत नाही. हे धोरण आम्हांस योग्य वाटते. अपराधाच्या वेळचे वय, त्याचे स्वरूप, मध्यंतरी गेलेली वर्षे आणि त्या वर्षांतील वागणूक, हे सारे पाहूनच निर्णय व्हावा. मात्र दुर्बलांवर केलेला अत्याचार आणि पोरवयातील दांडगाई एकाच तागडीत घालू नयेत.

आपल्याकडे एम.बी.बी.एस.चा प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर ठरतो. नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात शिक्षा होणे हे २००२ च्या नियमांनी डॉक्टरांचे गैरवर्तन ठरविले आहे. परंतु तो विचार पदवी हाती आल्यानंतरचा. उंबरठ्यावरच गुन्हा घडतो, हे इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस सांगावयास नको. २०१३ साली उघडकीस आलेल्या व्यापम घोटाळ्यात परीक्षेतील सामूहिक गैरप्रकाराने मिळविलेले ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये रद्द ठरविले. मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून आईबाप पैसे मोजून लबाडीचा मार्ग दाखवितात, तेव्हा त्याचा वैद्यकातील पहिला धडाच खोटेपणाचा होतो.

म्हणून पालकांस व तरुणांस आमचे सांगणे एवढेच की, परदेशी शिकावयास जाताना अर्जात पूर्वीच्या शिक्षेविषयी प्रश्न असेल, तर तो नीट वाचावा, नियम काय सांगण्यास बांधतो हे जाणत्या माणसास विचारावे आणि जे सांगणे भाग आहे ते स्वच्छ सांगावे. जुना अपराध क्षम्य ठरू शकतो. पण आज केलेली लपवाछपवी उद्याच्या डॉक्टराविषयीच शंका उत्पन्न करते. आणि आम्हांसारखे जे लोक चांगल्या वर्तनाच्या दाखल्यांवर सह्या करतात, त्यांनीही मुलास खरोखर ओळखून मगच लेखणी उचलावी. त्या कागदाच्या पलीकडे कोणीतरी रुग्ण खाटेवर पडलेला असतो, आणि आपली सही खरी की खोटी हे पडताळण्याचे त्राण त्याच्या अंगी नसते.