महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील उपकरणनिर्माते

महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील उपकरणनिर्माते म्हणजे एकोणिसाव्या शतकात भारताच्या भूमापनासाठी वापरली जाणारी मोजमापाची उपकरणे दुरुस्त करणारे, जुळवणारे व नव्याने घडवणारे कुशल कारागीर होत. हेन्री बॅरो व अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन हे त्यांपैकी प्रमुख होते.

पार्श्वभूमी

विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून या सर्वेक्षणास आरंभ केला. कोन मोजण्यासाठी त्यांच्याकडे लंडनच्या विल्यम केरी यांनी बनवलेला थिओडोलाइट होता. त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास ३६ इंच (सुमारे ९१ सेंमी) असून वजन सुमारे अर्धा टन होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर तो चढवताना दोर तुटला. उपकरण भिंतीवर आदळून त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी एका सपाट फळीवर योग्य मापाचे वर्तुळ कोरून घेतले आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या यांच्या साहाय्याने वाकलेला भाग हळूहळू ओढून त्या मापात बसवला. या कामास सुमारे सहा आठवडे लागले.

कारागिराची आवश्यकता

थिओडोलाइटच्या वर्तुळावर कोरलेले अंशांचे विभाग सूक्ष्मदर्शकातून वाचले जातात. वर्तुळ किंचित वाकले किंवा अक्ष झिजला तरी प्रत्येक वाचनात चूक शिरते. कोनातील एका विकलेची (अंशाच्या ३,६०० व्या भागाची) चूक १०० किमी अंतरावर सुमारे अर्धा मीटर होते. त्रिकोणांच्या साखळीत एका त्रिकोणाची बाजू पुढील त्रिकोणाचा पाया ठरत असल्याने अशी चूक पुढे वाहत जाते. दुरुस्तीसाठी उपकरण लंडनला पाठवायचे, तर आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जलप्रवासात जाण्या-येण्यातच अनेक महिने जात. त्यामुळे उत्तम उपकरणांइतकीच ती सांभाळणाऱ्या जाणकार हाताची गरज होती.

कलकत्त्यातील कार्यशाळा

१८२३ मध्ये लॅम्बटन यांचे हिंगणघाट (सध्याचा वर्धा जिल्हा) येथे निधन झाल्यावर सर्वेक्षणाची सूत्रे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आली. इंग्लंडमधील वास्तव्यानंतर १८३० मध्ये ते ट्रॉटन आणि सिम्स यांनी बनवलेली नवी उपकरणे घेऊन परतले. नव्या साहित्यात १० फूट लांबीच्या प्रतिपूरक पट्ट्याही होत्या. पितळ व लोखंड तापमानानुसार वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. या गुणधर्माचा उपयोग करून त्या पट्ट्यांवरील दोन खुणांमधील अंतर स्थिर राखले जाई.

याच वर्षी कंपनी सरकारने बॅरो यांची उपकरणनिर्माते म्हणून नेमणूक केली व कलकत्त्यात कार्यशाळा सुरू झाली. केरी यांच्या जुन्या थिओडोलाइटची बॅरो यांनी पुनर्रचना केल्यामुळे तो पुन्हा कामात आला. पुढे एव्हरेस्ट व बॅरो यांच्यात तीव्र मतभेद होऊन बॅरो यांना सेवा सोडावी लागली.

सय्यद मीर मोहसीन हुसेन

हुसेन यांना एव्हरेस्ट यांच्यापूर्वीचे सर्वेक्षक-प्रमुख व्हॅलेंटाइन ब्लॅकर यांनी मद्रासहून कलकत्त्यास आणले होते. लंडनच्या कारखान्यात शिक्षण न झालेल्या या कारागिराने थिओडोलाइट व खगोलीय उपकरणांची दुरुस्ती हाताळली. एव्हरेस्ट यांनी त्यांच्या कल्पकतेची व कौशल्याची प्रशंसा केली. १८४३ मध्ये बॅरो यांच्या जागी त्यांची गणिती उपकरणनिर्माते या पदावर नेमणूक झाली. युरोपीय तज्ज्ञासाठी निर्माण केलेले पद भारतीय कारागिराकडे आल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

वारसा

कलकत्त्यातील कार्यशाळेतून गणिती उपकरण कार्यालय ही संस्था विकसित झाली. स्वातंत्र्योत्तर काळात तिचा वारसा जादवपूर येथील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या सरकारी कंपनीकडे आला. सर्वेक्षणाच्या इतिहासात लॅम्बटन व एव्हरेस्ट यांची नावे ठळकपणे येतात. मात्र त्यांच्या निरीक्षणांची अचूकता या कारागिरांच्या कामावरही अवलंबून होती.