स्निग्ध प्रतिजन आणि ‘मारक’ पेशी

आरोंद्यास तेरेखोल खाडीकाठच्या घरांत तारल्यांचे कालवण शिजले, की त्यावर तेलाचा तवंग येतो. तेल पाण्यात मिसळत नाही, हा नित्याचा अनुभव होय. शरीरापुढेही हाच प्रश्न आहे. रक्त बहुतांशी जलमय. मग जंतूंच्या अंगची स्निग्ध द्रव्ये परकी म्हणून ओळखावयाची कशी? टी-पेशी केवळ प्रथिनांचे तुकडे ओळखतात, असे दीर्घकाळ मानले जात असे.

या प्रश्नाचे एक उत्तर ‘सीडी१डी’ या प्रथिनात सापडते. पेशीच्या पृष्ठभागावरील या प्रथिनास पाण्यापासून अलिप्त अशा दोन खोल खोबणी असतात. स्निग्ध रेणूच्या दोन्ही शेपट्या त्यांत दडतात. शर्करेचे डोके तेवढे बाहेर राहते. टी-पेशींचा एक विशिष्ट वर्ग या डोक्याची प्रथिनासह ओळख पटवितो.

हा वर्ग चेतविणारा सुप्रसिद्ध रेणू समुद्रातून आला. जपानी संशोधकांनी ओकिनावानजीकच्या एका स्पंजातील द्रव्यावरून अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड सिद्ध केले. सीडी१डीच्या द्वारे ते या पेशींना चेतविते, हे १९९७ साली दिसून आले. स्पंजाचा आणि मानवी रोगाचा संबंध काय, ही शंका स्वाभाविक होती. तथापि २००५ साली स्फिंगोमोनास जंतूंच्या आवरणातही तत्सम शर्करायुक्त स्निग्ध द्रव्ये आढळली आणि तीही या पेशींना चेतवितात असे दिसले.

या पेशींना ‘नैसर्गिक मारक टी-पेशी’ म्हणतात. नैसर्गिक मारक पेशींवरील काही खुणा त्यांच्यावर आढळल्या, म्हणून हे नाव पडले. नाव खुणेवरून पडले, कार्यावरून नव्हे. मारण्याची शक्ती त्यांच्या ठायी असली, तरी त्यांचे मुख्य कार्य दवंडी पिटणाऱ्याचे आहे. काही तासांतच त्या गॅमा-इंटरफेरॉन व इंटरल्यूकिन-४ स्रवून इतर पेशींना जागे करतात. दवंडीचा मजकूरही रेणूच्या घडणीवर अवलंबून असतो. शेपटी आखूड केलेल्या एका रेणूने इंटरल्यूकिन-४ कडे झुकणारा प्रतिसाद मिळतो, असे २००१ साली उंदरांत आढळले.

कर्करोगावरील उपचारासाठी या रेणूकडून मोठी आशा बाळगली गेली. परंतु मानवी चाचण्यांत लाभ मर्यादितच दिसला. उंदराच्या यकृतात या पेशी विपुल असतात. माणसाच्या रक्तात मात्र १,००० टी-पेशींत बहुधा एखादीच. दवंडी पिटणारेच विरळ असतील, तर हाक गावभर कशी पोहोचावी? ‘मारक’ या शब्दावर विसंबणाऱ्यास ही अडचण सहसा दिसत नाही.