सर्दीची गोळी आणि रात्रीची गाडी

परवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सवरचे एक चालक दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, सर्दीची गोळी द्या, रात्री पुण्याची गाडी आहे." या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. मी म्हटले, आज सुट्टी घ्या. ते म्हणाले, "मालक दुसरा माणूस बघतील."

मला मंगळूरचा अपघात आठवला. २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले; १५८ माणसे गेली. कॅप्टन वाटेत दीड तासाहून अधिक झोपले होते, असे चौकशीत निघाले. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू काही वेळ सुस्तच असतो. सहवैमानिक विमान पुन्हा वर घ्या म्हणत होता, त्याचे ऐकले गेले नाही.

आता वैमानिकाला आठवड्यात सलग ४८ तास विश्रांती द्यावी लागते, कंपनी कोणतीही असो. या नव्या नियमांची तयारी अपुरी पडल्याने डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारांवर उड्डाणे रद्द झाली. लोक चिडले, तेही खरेच. पण ट्रॅव्हल्सच्या चालकाची झोप कोण मोजतो?

त्या चालकांना मी गोळी दिली, पण पुण्याला पोचून झोपण्याआधी घ्यायची. निघण्यापूर्वी फक्त वाफ.