डासांसाठी तेल: मोजून, पातळ करून

गवती चहा, सिट्रोनेला, निलगिरी यांची अर्कतेले फार तीव्र असतात. ती थेट अंगाला लावली तर कातडी भाजल्यासारखी लाल होऊ शकते. प्रमाण सोपे आहे: दोन चमचे (10 मिली) खोबरेल तेलात 4 थेंब. पाण्यात ती विरघळत नाहीत, वर तरंगतात. म्हणून पाणी घालून फवारा बनवू नये. आधी मनगटावर थोडे लावून एक दिवस थांबा. डोळे, ओठ, जखम टाळा.

तान्ह्या बाळाला यातले काहीही लावू नका; त्याला मच्छरदाणीच द्या. निलगिरी तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. अशा वेळी उलटी करवू नका, लगेच दवाखाना गाठा. कडुनिंबाच्या तेलात कापूर घालून बंद खोलीत दिवा लावणेही दम्याच्या रुग्णाला त्रासाचे.

सिट्रोनेलाचा असर तास-दोन तासांत ओसरतो आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून नुसत्या तेलावर भागत नाही. परभणीत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी टाक्या, रांजण भरलेले असतात. हा डास तिथेच वाढतो. आठवड्यातून एकदा ती भांडी घासून कोरडी करा.