पाहुणचार आणि संविभाग

मे महिना लागला की पाथर्डीच्या व्यापारी घरांत दोन हिशेब एकाच वेळी सुरू होतात. एक दुकानाचा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे हंगाम आटोपून तालुक्यात परतलेली असतात, लग्नसराई ऐन भरात असते, आणि बस्ता बांधायला आलेल्या मंडळींनी कापड दुकानाची गादी दिवसभर रिकामी होत नाही. दुसरा हिशेब घराचा. लेकी आणि भाचरे कधी येणार, किती दिवस राहणार, गाद्या पुरतील का, टाकीतले पाणी पुरेल का? पहिला हिशेब वहीत मांडला जातो. दुसरा घरातील सुनेच्या डोक्यात असतो, आणि त्याची नोंद कोठेही होत नाही.

या दुसऱ्या हिशेबात माझी एकदा मोठी चूक झाली. ती वाचक भगिनींपुढे मांडावी असे वाटते, कारण तशी चूक करणारी मी एकटी नसावी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या नणंदबाई पुण्याहून दोन मुलांसह आठवडाभरासाठी माहेरी आल्या. त्यांच्या स्वागतात काही उणे राहू नये म्हणून मी सात दिवसांचे सात बेत आधीच ठरवले होते. पहिल्या दिवशी दाल-बाटी आणि चुरमा, दुसऱ्या दिवशी आमरस-पुरी, तिसऱ्या दिवशी गट्ट्याची भाजी, मुलांसाठी कच्च्या केळ्यांची पावभाजी. नणंदबाई स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या की मी म्हणे, "ताई, तुम्ही बसा. माहेरी आलात, विश्रांती घ्या." खरे सांगायचे तर त्या आग्रहात प्रेमाबरोबर चढाओढही होती. माझ्या जाऊबाईंकडे मागच्या सुट्टीत कसा थाट होता, हे मी ऐकून होते.

चौथ्या रात्री ओटा आवरून मी जमिनीवर बसले आणि यजमानांना म्हणाले, "अजून तीन दिवस आहेत." आवाज हळू होता, पण घर लहान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदबाईंना पुण्यातील एक काम आठवले आणि दुपारच्या गाडीने त्या निघाल्या. पुढच्या मे महिन्यात मुलांचे शिबिर असल्याचा निरोप आला. सासूबाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. लेकीसाठी वेगळे काढून ठेवलेले पापड मात्र त्यांनी चातुर्मास लागण्याआधी शेजारीपाजारी वाटून टाकले.

त्याच चातुर्मासात स्थानकात श्रावकाच्या बारा व्रतांवर प्रवचनमाला झाली. बारावे व्रत अतिथी संविभाग. ते शब्द लहानपणापासून तोंडपाठ होते, अर्थाकडे लक्ष गेले नव्हते. महासतीजींनी समजावले की संविभाग म्हणजे योग्य वाटणी. श्रावकाने स्वतःच्या घरासाठी जे केले आहे, त्यातला भाग द्यायचा. साधू-साध्वी त्यांच्यासाठी मुद्दाम रांधलेला आहार स्वीकारत नाहीत. गाय जशी मुळे न उपटता वरवर चरत पुढे जाते, तसे अनेक घरांतून थोडेथोडे घेणे, म्हणून ती गोचरी. देणाऱ्याच्या घरी नवा आरंभ होऊ नये, त्याच्यावर भार पडू नये, हा त्यामागचा विचार. या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील मात्सर्य या अतिचारापाशी मी थबकले. दुसऱ्याशी स्पर्धा करून किंवा मनात कुढत दिले, तर वस्तू दिली जाते, व्रत मात्र मलीन होते.

हे व्रत त्यागी अतिथींना द्यायच्या दानाचे आहे. नात्यातील पाहुणचाराला ते जसेच्या तसे लागू होत नाही, याची मला जाणीव आहे. तरीही एक गोष्ट मनात रुतली. मी नणंदबाईंना आमच्या घरातला वाटा दिलाच नव्हता. त्यांच्यासाठी एक वेगळे, दमवणारे घर सात दिवस उभे करायचा घाट घातला होता आणि ते चौथ्या दिवशीच कोसळले.

मागच्या वर्षी चैत्रातच मी स्वतः दूरध्वनी केला. म्हणाले, "ताई, यंदा मी विशेष काहीच करणार नाही. आठवडाभर या." पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "वहिनी, मग पोळ्या मी करणार."

त्या आल्या. गोडधोड पहिल्या दिवशी आणि निरोपाच्या दिवशी, एवढेच ठरले. मधले दिवस आमचे रोजचे जेवण: ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, पापडाची भाजी, ताक. पोळ्या नणंदबाईंनी केल्या, भाजी मी आणि मुलांची ताटे सासूबाईंनी वाढली. उन्हाळ्यात आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येकाला आंघोळीला एक बादली. पिण्याचे पाणी गाळण्याचे काम थोरल्या भाचीने आपणहून घेतले. गळणे दुहेरी का धरायचे, हे ती नानीला विचारी आणि धाकट्या भावाला शिकवी.

खरी अडचण संध्याकाळच्या जेवणाची होती. मे महिन्यात आपल्याकडे सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, म्हणून आमची ताटे सहाला मांडली जातात. पुण्यात ही मुले नऊला जेवतात. पहिल्या रात्री धाकटा नऊ वाजता भुकेने रडू लागला. नियम आमच्या घराचा होता, पण मूल त्याच्या आईचे होते. नणंदबाईंनी त्याला दूध दिले. सासूबाईंनी पाहिले आणि माळ ओढत राहिल्या. कोणी उपदेश केला नाही. चौथ्या दिवशी गल्लीतल्या मुलांबरोबर खेळून दमलेला तोच मुलगा साडेपाचला स्वयंपाकघरात येऊन विचारू लागला, "मामी, ताट कधी?" यजमानाने आपला नियम पाळावा आणि पाहुण्याच्या मुलाची परीक्षा पाहू नये, हा धडा मला त्या रात्रीने दिला.

दुपारी चारनंतर भाची मामांबरोबर दुकानात जाई. थान कसे उलगडायचे, घडी कशी मोडू द्यायची नाही, गिऱ्हाईकापुढे चार साड्या टाकल्यावर पाचवी कधी काढायची, हे तिने पाहिले. यंत्राआधी तोंडी बेरीज करण्याची मामांशी तिची पैज लागे.

एक दिवस आम्ही चिचोंडीला गेलो. आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराज यांचा जन्म 1900 मध्ये याच गावी झाला आणि 1913 मध्ये आपल्याच तालुक्यातील मिरी येथे त्यांनी दीक्षा घेतली. तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते, हे कळल्यावर बारा वर्षांची भाची बराच वेळ गप्प झाली. परतताना पाथर्डीत तिलोक जैन विद्यालयावरून गेलो. तिलोकऋषीजी महाराज यांच्या नावाने 1923 मध्ये सुरू झालेल्या या शिक्षणकार्यामुळे आपल्या लहानशा गावाचे नाव दूरवर गेले. "आई, तू इथेच शिकलीस?" असे मुलांनी विचारले, आणि नणंदबाईंनी त्यांना आपल्या वर्गाची खिडकी दाखवली. मागच्या खेपेस सात पक्वान्नांच्या गडबडीत ही खिडकी दाखवायला कोणालाच सवड नव्हती.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एका दुपारी मुलांत भांडण होऊन पाण्याचा माठ फुटला. एकदा पोळ्यांच्या जाडीवरून आम्हा दोघींत कुरबूर झाली. पण सातव्या दिवशी मी थकलेली नव्हते आणि नणंदबाईंना कोणतेही काम आठवले नाही. निघताना सासूबाईंनी पापडांचा डबा लेकीच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "त्या वर्षी पाहुणी आली होती. यंदा लेक आली."

भगिनींनो, येत्या सुट्टीत आपल्याकडेही कोणी येईल. बेतांची यादी करण्याआधी घरातील कामांची यादी करावी आणि त्यातला एक वाटा येणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. आमच्याकडे या वर्षीच्या तारखा नणंदबाईंनी कळवल्या आहेत. त्या दहा दिवस राहणार आहेत.